दुखत नसताना

माझे स्तन दुखत नाहीत. त्यांत गाठ नाही, स्राव नाही, सोनोग्राफी स्वच्छ आली आहे. आणि तरीही दोन्ही स्तनांवर शस्त्रक्रिया करून घ्यायची, आत सिलिकॉनचे इम्प्लांट बसवून घ्यायचे, असं मी ठरवलं आहे. ही वाक्यं शेजारीशेजारी ठेवली की मधे एक जागा मोकळी राहते. आपल्याकडे त्या जागेत दुखणं असावं लागतं. बाईच्या अंगावर पैसा आणि रजा खर्च व्हायची तर तिला काहीतरी झालेलं असलं पाहिजे. मला काही झालेलं नाही. मग त्या जागेत माझ्यापाशी खरं काय आहे, ते स्वतःला विचारून पाहायचं म्हणून हे लिहिते आहे.

आधी जे आहे ते सांगते. मुलगी वयात येते तेव्हा स्तनाचा पाया छातीवर रुंद होत जातो आणि खालचा भाग भरत जातो. काहींच्या बाबतीत तो पाया अरुंदच राहतो. स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळामागे तंतूंचा एक आवळलेला पट्टा असतो. वाढणाऱ्या ग्रंथीला तो खाली आणि बाजूंना पसरू देत नाही. मग ती जिकडे वाट मिळेल तिकडे, म्हणजे त्या वर्तुळातूनच, पुढे येते. वर्तुळ मोठं होतं, फुगतं. स्तनाखालची घडी वर चढलेली राहते, खालचा अर्धा भाग जवळजवळ नसतोच, आणि बहुतेक वेळा दोन बाजूंत ठळक फरक असतो. डॉक्टर याला ट्युबरस ब्रेस्ट म्हणतात. न्यूयॉर्कच्या थॉमस रीस आणि शेरेल अ‍ॅस्टन या प्लास्टिक सर्जननी १९७६ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. हा आजार नाही, वाढीतला फरक आहे. त्याने आयुष्य कमी होत नाही. लहानपणी काय खाल्लं, कसं झोपलं, कुठली ब्रा घातली याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

हे नाव मला तिशीच्या आसपास कळलं. तोवर मी एवढंच समजत होते की माझं काहीतरी राहून गेलंय.

पहिली ब्रा घ्यायला आई मला उल्हासनगरला घेऊन गेली होती. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यातल्या घरांची लग्नाची, सणाची, शाळेची अर्धी खरेदी तिथेच होते. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन पडलेल्या सिंधी कुटुंबांनी बराकींमधून उभा केलेला तो बाजार; १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. तिथे मिळत नाही असं कापड नाही. पण मला बसेल अशी ब्रा तिथे नव्हती आणि नंतर दुसरीकडेही मिळाली नाही. कप वरून ताणला जायचा आणि खालून चुरगळायचा. दुकानातल्या काकूंनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, काही न बोलता पॅडेडचा डबा काढला आणि आईला म्हणाल्या, ही घेऊन जा, वरून कळत नाही. त्यांच्या बोलण्यात माया होती. पुढची सगळी वर्षं मी त्याच वाक्यावर काढली. वरून कळत नाही. दोन्ही खांद्यांना पिन केलेली ओढणी, लेडीज डब्यात छातीशी धरलेली पर्स, ऑफिसच्या सहलीला वॉटर पार्क ठरलं की आजारपण. आजवर कुणाच्याही समोर, अगदी बहिणीसमोरही, दिवा चालू ठेवून मी कपडे बदललेले नाहीत.

मी अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत एका कारखान्याचे हिशेब पाहते. पैसे माझे आहेत, साठवलेले आहेत, खर्च लाखांत आहे. तरी घरात सांगावंच लागलं, कारण ऑपरेशननंतर हात वर करायला आणि पिशवी उचलायला काही आठवडे मनाई असते, आणि आमच्या वन बीएचकेमध्ये कुठलीही मनाई लपत नाही. आई बराच वेळ गप्प बसली. मावशी मात्र लगेच कामाला लागली. ती म्हणाली, "अगं, गाठ काढली म्हणून सांग. कुणी पुढचं विचारत नाही. उलट डबा आणून देतील."

ती खरं बोलत होती. गाठ म्हटलं की आपल्याकडे सगळे आवाज खाली येतात. शेजारच्या काकू सूप आणतात, मॅनेजर रजेच्या अर्जावर न वाचता सही करतो, पैसे किती लागले हे कुणी विचारत नाही. आणि मला त्या क्षणी ते हवंसं वाटलं. खोटं बोलण्याचा मोह मला सहसा होत नाही. आकड्यांत काम करणाऱ्या माणसाला खोटं फार काळ सांभाळता येत नाही हे माहीत असतं. पण हे खोटं इतकं मऊ होतं, त्यात इतकी सोय होती, की मी तिला लगेच नाही म्हणाले नाही.

नाही म्हणायला मला भाग पाडलं ते लोकलने. सकाळच्या गाडीत परळच्या टाटा हॉस्पिटलला जाणाऱ्या बायका असतात. त्या ओळखू येतात. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत जाड फाइल, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, सोबत डबा घेतलेली सून किंवा मुलगा. आमच्या सोसायटीतल्या एका बाईंचा एक स्तन काढला आहे. त्यांनी पदर कसा घ्यायचा हे नव्याने शिकून घेतलं आणि पुन्हा भाजीला बाहेर पडल्या. मी जर म्हटलं की मलाही गाठ होती, तर त्या माझ्याकडे येतील. माझा हात धरतील. मला धीर देतील. त्यांच्या खऱ्या भीतीतून आलेला तो धीर मी कुठल्या तोंडाने घेणार? सहानुभूतीचाही हिशेब असतो, आणि तिथे मी दुसरीच्या नावावरची रक्कम उचलत असते.

एवढं पक्कं झाल्यावर मला वाटलं, प्रश्न मिटला. पण तो उलटून माझ्याकडेच आला. गाठ म्हणायची नाही, ठीक. मग काय म्हणायचं? 'वाढीतला दोष आहे, दुरुस्त करून घेते आहे' असं म्हणायचं? हे खोटं नाही. पण तेही मी कशासाठी म्हणते आहे, ते तपासायला हवं होतं.

याचा मला कामातूनच एक धडा मिळाला. २०१७ च्या जीएसटी अधिसूचनेत आरोग्यसेवा करमुक्त आहे. तिच्यातून केसांचं रोपण, कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी वगळली आहे, त्यांवर कर लागतो. पण त्या वगळण्यालाही अपवाद आहे: जन्मजात व्यंग, वाढीतील विकृती, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेली शरीराची रचना किंवा कार्य पूर्ववत करण्यासाठी ती शस्त्रक्रिया असेल, तर कर नाही. वाढीतील विकृती हे शब्द तिथे छापलेले आहेत. म्हणजे करखात्याच्या लेखी मी सजणारी बाई नाही, माझी रचना जागेवर आणली जाते आहे. आता मेडिक्लेमची पॉलिसी उघडून पाहा. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या कलमात कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरीला पैसे नाहीत. अपघात, भाजणं किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना असेल, किंवा तब्येतीला थेट आणि तातडीचा धोका असेल, तरच. माझ्या बाबतीत यातलं काहीच नाही. एकाच देशातले दोन कागद, एकच छाती, आणि उत्तरं दोन.

एका दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीने मला हलक्या आवाजात सुचवलं की निदान जरा वेगळं लिहिलं तर क्लेम पास होतो, बऱ्याच जणी करतात. मी तिथून उठले. विम्याचा पैसा हा पॉलिसी घेणाऱ्या सगळ्यांचा असतो, त्यातल्या कितीतरी जणी त्या सकाळच्या गाडीतल्या असतात. हा निर्णय सोपा होता. अवघड होता तो करखात्याचा. तो अपवाद कायद्याने मला लागू पडत असेल आणि सर्जनने स्वतःच्या निदानानुसार तसं लिहिलं, तर कर न भरण्यात मला संकोच नाही. पण मी 'विकृती' हा कायद्याचा शब्द बिलापुरता वापरीन, आरशासमोर वापरणार नाही. कारण जे स्तन माझ्याकडे आहेत ते पुष्कळ बायकांकडे आहेत. त्यांतल्या अनेक जणी काहीही न करता सुखाने जगतात, प्रेम करतात, पोरं वाढवतात. त्यांना विकृत ठरवून मला परवानगी मिळणार असेल तर ती परवानगी मला नको.

या सगळ्या काळात मला एका माणसाची फार सोबत झाली. तो पुण्याजवळ सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वी होऊन गेला. कावसजी त्याचं नाव. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. टिपूच्या माणसांनी त्याला पकडलं, त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभराहून अधिक काळ तो नाकाविना राहिला. मग पुण्याच्या परिसरातल्या एका वैदूने, जो विटा पाडणाऱ्या जातीतला होता, त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं. दोन इंग्रज डॉक्टर ते पाहत होते. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये ती हकीकत चित्रासह छापून आली, आणि पुढे युरोपातल्या सर्जननी त्यावरून ही शस्त्रक्रिया शिकून घेतली. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की त्याची जखम केव्हाच भरली होती. त्याला दुखत नव्हतं. श्वास घेता येत होता. त्याला चेहरा हवा होता. आणि माझ्या माहितीत कुणी त्याला असं विचारलेलं नाही की बाबा, दुखत नाही तर कशाला?

पण ही तुलना मी स्वतःला पुरती करू देत नाही. त्याचं नाक होतं आणि ते कुणीतरी क्रूरपणे कापलं. माझं कुणी काही कापलेलं नाही. जे कधी नव्हतंच ते मला हवं आहे. कावसजीकडून मला एवढंच घेता येतं की दुखणं संपल्यावरही माणसाचं मागणं खरं असू शकतं. त्याहून जास्त नाही.

मग हे मागणं आलं कुठून? लोक सहज म्हणतात, सिनेमाने, मोबाइलने, जाहिरातींनी बायकांच्या डोक्यात भरवलंय. मलाही तसं म्हणायला आवडलं असतं. पण अंबरनाथला वालधुनीच्या काठी जे शिवमंदिर आहे ते शके ९८२ मधलं, म्हणजे इसवी सन १०६० चं. शिलाहार राजांचं. आम्ही लहानपणापासून महाशिवरात्रीच्या जत्रेला तिथे जातो. त्याच्या भिंतींवर देवांच्या जोडीने सुरसुंदरी कोरलेल्या आहेत. दगड झिजलाय, पण त्यांच्या छातीची गोलाई अजून कळते. ती मूर्तिकाराने मापाने कोरलेली आहे, सगळ्याजणींची सारखी. मोबाइल यायच्या सुमारे साडेनऊशे वर्षं आधी ही गोलाई सुंदर ठरलेली होती. मी त्या मूर्तींना दोष देत नाही, कारण मला त्या मनापासून सुंदर वाटतात. तसं मलाही दिसावंसं वाटतं, हे त्या भिंतीपुढे उभं राहून मी कबूल केलं आहे. इच्छा बाहेरून आली म्हणून ती माझी नाही, असं होत नाही. माझी भाषा, माझी भूक, मला आवडणारे रंग, सगळं बाहेरूनच आलेलं आहे.

यापेक्षा कठीण प्रश्न होता: हे कुणी कधी पाहणारच नसेल, तरी मला हवं आहे का? 'मी हे फक्त माझ्यासाठी करते आहे' असं वाक्य हल्ली सगळीकडे ऐकू येतं. मी ते म्हणून पाहिलं आणि ते माझ्या तोंडात बसलं नाही. मला पाहिलं जावंसं वाटतं. कुणीतरी प्रेमाने पाहावं, हात लावावा, आणि त्या वेळी मी श्वास रोखून धरलेला नसावा. ही इच्छा बोलून दाखवायची आपल्या घरांत पद्धत नाही. मुलीने लग्नाचं वय झालं म्हणायचं असतं, स्पर्श हवा म्हणायचं नसतं. पण मनाच्या तळाशी गेल्यावर मला हेच सापडलं, आणि ते सापडल्यावर मला हलकं वाटलं. यात लाज वाटावी असं काही नाही.

फक्त एक गोष्ट वेगळी काढायला हवी होती: मी हे लग्नाच्या बाजारासाठी करते आहे का? म्हणून हा निर्णय होईपर्यंत मी स्थळं पाहणं थांबवलं. आईला ते आवडलं नाही. पण पोह्यांची बशी हातात असताना माणसाला स्वतःचं मन ऐकू येत नाही. काही महिने कुणीच समोर नसताना मी पुन्हा पुन्हा विचारून पाहिलं आणि उत्तर तेच आलं. आणि पुढे कुणी आलाच, तर त्याला मी लग्नाआधी सांगणार आहे. परवानगी मागायला नव्हे. हे इम्प्लांट आयुष्यभर टिकत नाहीत, त्यांची तपासणी आणि बहुधा दुसरी शस्त्रक्रिया ही आमच्या दोघांच्या संसारातून होणार आहे, तेव्हा ते त्याला आधी माहीत असणं हा त्याचा हक्क आहे. ऐकून तो उठून गेला, तर गेला.

सिलिकॉनचे पहिले इम्प्लांट ज्या बाईला बसवले तिची हकीकत मी वाचली तेव्हा मन फार खिन्न झालं. १९६२, अमेरिकेतलं ह्यूस्टन, टिमी जीन लिंडसे. ती डॉक्टरांकडे गेली होती छातीवरचं गोंदण काढायला. इम्प्लांट तिने मागितलेच नव्हते. क्रोनिन आणि गेरो या डॉक्टरांनी नव्या शोधासाठी तिला विचारलं. तिला हवे होते ते कान. पुढे आलेले कान मागे बसवून हवे होते. कान नीट करून देऊ म्हटल्यावर ती तयार झाली. साऱ्या जगात या शस्त्रक्रियेची सुरुवात अशी एका बाईच्या न मागितलेल्या गोष्टीपासून झाली आहे. म्हणून मी सर्जनपुढे बसले तेव्हा माझी मागणी कागदावर लिहून नेली होती. मोठे स्तन नकोत. खालचा भाग हवा, वर्तुळ लहान हवं, दोन बाजू एकमेकींच्या जवळ याव्यात. मापाचा आकडा वाढवायची सूचना आली तेव्हा मी कागद पुढे केला.

त्या बैठकीत मला कळलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की इम्प्लांट हा या कामातला दुय्यम भाग आहे. खरं काम आत आहे. तो आवळलेला पट्टा ठिकठिकाणी छेद देऊन मोकळा करायचा, ग्रंथी पसरवायची, घडी खाली उतरवायची, वर्तुळ लहान करायचं. त्यानंतर जी जागा रिकामी राहते ती भरायला इम्प्लांट. नुसता इम्प्लांट ठेवला तर जुनी घडी नव्या आकारावर आडवी उमटून राहते आणि आधीपेक्षा वाईट दिसतं. स्वतःची चरबी काढून ती भरण्याचाही मार्ग आहे. त्यात परकी वस्तू नाही, पण भरलेल्या चरबीतली काही शरीर शोषून घेतं, म्हणून ते एकाहून अधिक वेळा करावं लागू शकतं, आणि माझ्या अंगावर काढण्याजोगी चरबी थोडी. मी इम्प्लांट निवडला तो अधिक सुरक्षित म्हणून नव्हे. मला हवा तो आकार त्यातून मिळण्याची शक्यता जास्त, म्हणून. हे वाक्य मी मुद्दाम असं लिहिते आहे, कारण ते पुसट करायचा मोह झाला होता.

इम्प्लांट कुठला, यावर मी जितकं वाचलं तितकं आयुष्यात कुठल्याच खरेदीपूर्वी वाचलं नसेल. अशा स्तनांसाठी पूर्वी थेंबाच्या आकाराचे इम्प्लांट पसंत केले जात. ते आत फिरू नयेत म्हणून त्यांचं कवच खरखरीत असतं. याच खरखरीत कवचांशी लसिकापेशींचा एक विरळा कर्करोग जोडलेला आढळला. २४ जुलै २०१९ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सांगण्यावरून अ‍ॅलर्गन कंपनीने आपले बायोसेल जातीचे इम्प्लांट जगभरातून परत घेतले. तोवर जगात या कर्करोगाचे ५७३ रुग्ण आणि ३३ मृत्यू नोंदले गेले होते. त्याच आठवड्यात, २७ जुलैला, उल्हास नदीला पूर आला होता आणि बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती. आम्ही गच्चीवर उभे राहून पाणी बघत होतो. इम्प्लांटची ती बातमी आमच्या गावात कुणाच्या कानावरही आली नसेल, आणि तरी आमच्याच गाड्यांतून जाणाऱ्या एखादीच्या अंगात तसा इम्प्लांट असू शकतो. त्याआधी, २०१० मध्ये, फ्रान्समधली पीआयपी ही कंपनी इम्प्लांटमध्ये औद्योगिक दर्जाचं स्वस्त सिलिकॉन भरते हे उघड झालं होतं. तिच्या संस्थापकाला तुरुंगवास झाला. हे सगळं वाचून मी गोल, गुळगुळीत कवचाचा, लहान मापाचा इम्प्लांट निवडला, आणि त्याचं कार्ड, क्रमांकासह, माझ्या हातात मिळालं पाहिजे ही अट घातली.

गुळगुळीत म्हणजे निर्धोक नव्हे. इम्प्लांटभोवती शरीर एक आवरण तयार करतं. काहींचं ते आवळतं आणि स्तन कडक, दुखरा होतो. कवच फाटू शकतं, आणि सिलिकॉनचं फाटलं तर बहुतेकदा बाहेरून कळतही नाही. म्हणून पाच-सहा वर्षांनी आणि नंतर दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा असं अमेरिकेचं औषध प्रशासन सांगतं. केवळ आकारासाठी इम्प्लांट घेणाऱ्या बायकांपैकी वीस टक्क्यांपर्यंत जणींना ते आठ-दहा वर्षांत काढावे लागतात, असंही त्याच प्रशासनाने सांगितलेलं आहे. ऑक्टोबर २०२१ पासून तिथे प्रत्येक बाईला या धोक्यांची यादी वाचायला देऊन तिच्या सह्या घेणं बंधनकारक आहे. ती यादी मी मिळवली आणि मराठीत करून आईला वाचून दाखवली. ज्या शरीरात आज काही दुखत नाही, तिथे मी पुढे दुखू शकेल असं काहीतरी ठेवते आहे. हे मला माहीत आहे. त्यासाठी मी बँकेत वेगळं आवर्ती खातं उघडलं आहे. पुढच्या तपासणीचा आणि दुसऱ्या ऑपरेशनचा भार मी आईबाबांवर किंवा कुणा नवऱ्यावर टाकणार नाही.

यादी ऐकून झाल्यावर आईने एकच विचारलं. "आणि बाळाचं दूध?"

इथे मी सर्वांत जास्त अडखळले आणि अजूनही अडखळते. खरं असं की अशा स्तनांत दूध तयार करणारी ग्रंथीच मुळात कमी असू शकते, काहींना ऑपरेशन न करताही दूध पुरत नाही. आणि वर्तुळाच्या कडेने छेद दिला की काही दुधाच्या नळ्या आणि नसा दुखावू शकतात. म्हणजे माझ्या वाट्याला जे थोडं असेल त्यातूनही थोडं जाऊ शकतं. किती, हे आधी कुणीच सांगू शकत नाही. मूल होईपर्यंत थांबावं का, यावर मी खूप विचार केला. शेवटी असं ठरलं की जे मूल नाही, ज्याचा बाप कोण हे माहीत नाही, त्याच्यासाठी माझं तरुणपण ओढणीखाली तसंच ठेवायचं नाही. पण यात मी एकटीच जोखीम घेते असं म्हणणार नाही. त्यात त्या मुलाचाही वाटा आहे आणि त्याला विचारलेलं नाही. दूध कमी पडलं तर मी दैवाला बोल लावणार नाही आणि ऑपरेशनची गोष्ट डॉक्टरांपासून लपवणार नाही. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. अनोळखी बायांनी दिलेल्या दुधावर तिथे किती नवजात बाळं तगली आहेत. हे आठवलं की धीर येतो. अपराधीपणा त्याने जात नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

राहिली ती मावसबहिणीची मुलगी. चौदा वर्षांची आहे. उन्हाळ्यातही जाड टी-शर्ट, खांदे पुढे ओढलेले, पोहण्याचा क्लास अचानक बंद. तिला काय आहे मला माहीत नाही. कदाचित काहीच नसेल, वयच तसं असतं. पण मी ऑपरेशन केल्याचं तिच्या कानावर गेलं तर तिला काय ऐकू जाईल? 'तुझं चुकलंय, कापून नीट करता येतं' असंच ना? माझ्या निर्णयाची सर्वांत मोठी किंमत कदाचित ती मुलगी भरेल, या विचाराने मी काही रात्री झोपले नाही. गप्प राहणं हा त्यावर उपाय वाटत नाही. गप्प राहिल्याने तिला तेच मिळेल जे मला मिळालं होतं, एक पॅडेड ब्रा आणि वरून कळत नाही हा दिलासा. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये मुंबईत 'समाजस्वास्थ्य' काढलं, शरीराबद्दलच्या वाचकांच्या प्रश्नांना सरळ उत्तरं दिली, त्यापायी खटले सोसले. एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. मराठीत हे बोलता येतं. तेव्हा मी तिच्याशी बोलणार आहे, ऑपरेशनच्या आधी, तिच्या आईला विचारून. मी तिला सांगेन की असे स्तन असतात, त्याला नाव आहे, त्याने काही बिघडत नाही, आणि मी माझे बदलते आहे ते मला हवंय म्हणून. तुला पुढे नको वाटलं तर तेही तितकंच बरोबर.

शस्त्रक्रिया दिवाळीनंतर आहे. ऑफिसात रजेच्या अर्जावर मी 'वैयक्तिक शस्त्रक्रिया' एवढंच लिहिलं. ज्यांनी काळजीने विचारलं त्यांना गाठ नाही हे सांगितलं. सोसायटीतल्या त्या बाईंना मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, राग मानला नाही, आणि ड्रेनच्या नळ्या असतील तर पुढून बटणं असलेला गाऊन घे म्हणाल्या.

आता ज्यांच्या घरात वयात येणारी मुलगी आहे त्यांच्याशी दोन शब्द. ती ओढणी सोडत नसेल, ब्रा घ्यायला दुकानात यायला तयार नसेल, तर तिच्यावर चिडू नका आणि 'वरून कळत नाही' म्हणून विषय मिटवू नका. दार लावून तिच्याशी बोला. दोन्ही बाजूंत फार फरक असेल किंवा आकाराने ती कोमेजत असेल, तर तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे किंवा सरकारी रुग्णालयाच्या प्लास्टिक सर्जरीच्या बाह्यरुग्ण विभागात एकदा दाखवून आणा, निदान नाव तरी कळेल. ऑपरेशनची घाई कुणालाही करू देऊ नका; केवळ आकारासाठी सिलिकॉनचे इम्प्लांट अमेरिकेतसुद्धा २२ वर्षांच्या आधी मंजूर नाहीत. पुढे मोठी होऊन तिने करायचं ठरवलं तर कागद तिला स्वतःला वाचू द्या, आणि नाही ठरवलं तर पुन्हा विचारू नका. आणि यांपैकी काहीही झालं, तरी शेजारी सांगायला तिच्यासाठी गाठ शोधू नका.